लागणे आणि लागण : मॉरिशसच्या सागरी वाटेवरील आजार, बेटावरील सक्तीचा मुक्काम आणि मराठी करारबद्ध मजूर

प्रस्तावना

समुद्रप्रवासात होणाऱ्या मळमळीला आणि ओकाऱ्यांना मराठीत ‘बोट लागणे’ असे म्हणतात. साथीच्या रोगाची मात्र ‘लागण’ होते. दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले असले तरी त्यांच्या अर्थांत मोठे अंतर आहे. बोट लागते ती एकेकट्या माणसाला. दोन-तीन दिवस तो हैराण होतो, शेजाऱ्याला त्यापासून धोका नसतो आणि जमिनीवर पाय ठेवताच बहुधा सारे विसरले जाते. लागण मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि म्हणून तिच्याशी शासनसंस्थेचा संबंध येतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या बंदरांतून मॉरिशसकडे जाणाऱ्या शिडाच्या जहाजांवर या दोहोंमधला भेद करणे सोपे नव्हते. तो भेद कोणी केला, कशाच्या आधारे केला आणि चुकल्यास त्याची किंमत कोणी मोजली, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

करारबद्ध मजुरांच्या इतिहासलेखनात ह्यू टिंकर यांच्या १९७४ मधील ग्रंथाने ही पद्धत म्हणजे गुलामगिरीचाच नवा अवतार होय, असा पक्ष ठामपणे मांडला. मरीना कार्टर यांनी १९९५ मध्ये मजुरांच्या स्वतःच्या निर्णयशक्तीकडे, मुकादमांच्या व परतून आलेल्या मजुरांच्या भूमिकेकडे लक्ष वेधले. या दोन भूमिकांभोवती पुढील चर्चा बरीचशी फिरत राहिली. मराठीतील लेखनाने मॉरिशसमधील मराठी समाजाची भाषा, गणेशोत्सव आणि आडनावे यांचा आस्थेने परामर्श घेतला. परंतु या सर्व लेखनात एका टोकाला सोडलेले गाव आणि दुसऱ्या टोकाला उसाचा मळा असतो. मधला समुद्र आणि त्या समुद्रातील सक्तीचा मुक्काम यांची दखल ओझरती घेतली जाते. सक्ती की स्वेच्छा, या वादाचे उत्तर जिथे सर्वांत अवघड होते ती जागा नेमकी हीच आहे.

मुंबई बंदरातून

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये संमत झाला आणि मॉरिशसमध्ये त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी १८३५ पासून झाली. तत्पूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुई येथे उतरले होते. तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांत या छोटा नागपूरकडील मजुरांना ‘धांगर’ म्हटलेले आढळते. मराठी वाचकाने त्याचा संबंध महाराष्ट्रातील धनगर समाजाशी जोडू नये. हा शब्द तिकडे ओरांव व अन्य आदिवासींसाठी वापरला जाई. या नामसादृश्यामुळे काही लोकप्रिय लेखनात गोंधळ झालेला आहे.

पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय मॉरिशसला गेले. त्यांत मुंबई बंदराचा वाटा एकदशांशाहून कमी होता. मात्र त्या लहानशा वाट्यात रत्नागिरी आणि लगतच्या कोकणपट्टीतील, तसेच देशावरील माणसांचा भरणा मोठा होता. मॉरिशसचा मराठी समाज त्यांचाच वंशज आहे. मुंबई इलाख्याचा या बेटाशी संबंध त्याहीपूर्वीचा होता. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला रस्तेबांधणीसाठी पाठविले गेले. क्लेअर अँडरसन यांनी त्यांचा इतिहास तपशिलाने मांडला आहे. म्हणजे मजूर जाऊ लागले तेव्हा या सागरी वाटेला सरकारी सक्तीचा इतिहास होताच.

या वाहतुकीवर कायद्याचे नियंत्रण १८३७ पासून येऊ लागले. जहाजावर प्रत्येक माणसामागे किती जागा असावी, शिधा किती असावा, वैद्य असावा, अशा तरतुदी झाल्या. गैरप्रकारांच्या तक्रारींनंतर १८३९ मध्ये मजूर पाठविण्यास बंदी झाली आणि १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांपुरती ती उठविण्यात आली. दरमहा पाच रुपये पगार, शिधा आणि वस्त्र असा ढोबळ करार असे. कागदावर अंगठा उठविलेल्या माणसाला आपण किती दूर जात आहोत याची कितपत कल्पना होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि समुद्र अंगाला कसा लागतो याची कल्पना त्यांतील बहुतेकांना नसावी, असे मानण्यास हरकत नाही. देशावरचा माणूस बोरघाट उतरून मुंबईत येई तेव्हा त्याने समुद्र प्रथमच पाहिलेला असे. कोकणातला कुणबी समुद्रकाठच्या जिल्ह्यातला खरा, पण भातखाचरात राबणारा. गलबतावर वाढलेले भंडारी, गाबीत, कोळी निराळे.

कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद मानला जातो. मोठी जहाजे हा संकेत पाळीत नसली तरी वाऱ्यांचे गणित त्यांनाही चुकत नसे. मॉरिशसकडे जाण्यास हिवाळ्यातील ईशान्येचे वारे अनुकूल असत. परंतु त्या वाऱ्यांवर निघालेले जहाज विषुववृत्त ओलांडून मॉरिशसजवळ पोहोचे तेव्हा तेथे जानेवारी ते मार्चचा वादळी पावसाळा चालू असे. थोडक्यात, प्रवासाच्या आरंभी उसळणारा समुद्र माणसाच्या सवयीचा नसे, आणि शेवटच्या टप्प्यात सवय झालेल्या माणसालाही वादळी लाटा पुन्हा आडवे करीत. सारा प्रवास महिना-दीड महिन्याचा. वरच्या आणि खालच्या तक्तपोशीच्या मधल्या अंधाऱ्या, कोंदट जागेत माणसे दाटीने झोपत आणि खवळलेल्या समुद्रात वर जाण्याची वाट बंद होई. अशा दिवशी चूल पेटविता येत नसल्याने चुरमुरे-पोह्यांसारखे कोरडे अन्न दिले जाई. ज्याच्या पोटात ते ठरत नसे त्याला पाण्यावरच राहावे लागे, आणि पाणी लाकडी पिंपांतले असे. ही पिंपे पुढील कथेत महत्त्वाची आहेत.

ओकारीचा अर्थ

पटकीच्या रोग्याला एकाएकी जुलाब आणि ओकाऱ्या होतात, हातापायांत गोळे येतात, डोळे खोल जातात आणि काही तासांत मृत्यू येऊ शकतो. बोट लागलेल्या माणसाला भोवळ येते, घाम सुटतो आणि तो ओकत राहतो, पण जुलाब होत नाहीत. आजच्या वाचकाला हा फरक उघड वाटेल. मात्र दाटीच्या, अंधाऱ्या तळमजल्यावर शे-दोनशे माणसे एकाच वेळी ओकत असता त्यांतील पहिला पटकीचा रोगी ओळखणे ही निराळी गोष्ट होती. त्यातच दुभाषा नसेल तर वैद्याला रोग्याचे म्हणणेही कळत नसे.

रोगाचे कारणही ठाऊक नव्हते. जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ च्या साथीचा पाण्याशी संबंध दाखविला, पण तो सर्वमान्य होण्यास वेळ लागला. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखला तो १८८३-८४ मध्ये. तोवर दूषित हवेचा सिद्धान्त आणि संसर्गाचा सिद्धान्त यांचा झगडा चालू होता. पटकीची लक्षणे संसर्गानंतर काही तासांत ते पाच दिवसांत दिसतात, हे आज माहीत आहे. त्यावरून असे अनुमान निघते की, बंदर सोडून महिना झालेल्या जहाजावर पटकी असेल तर ती किनाऱ्यावरून थेट आलेली नसून जहाजावरच्या पाण्यातून आणि घाणीतून एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलेली असणार. समुद्र लागल्यामुळे अन्न टाकून पिंपातल्या पाण्यावर राहणारा माणूस तिला अधिक सहज बळी पडणार, हेही ओघाने आले. या अर्थाने बोट लागणे आणि रोगाची लागण या दोन गोष्टी जहाजावर परस्परांपासून अगदी वेगळ्या राहिल्या नव्हत्या.

येथे एका शब्दाचा प्रवास नमूद करण्याजोगा आहे. मराठी-कोंकणीत या रोगासाठी ‘मोडशी’ हा जुना शब्द आहे. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद घेतली. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे ‘मोर्देशिं’ झाले आणि फ्रेंचांनी त्याचे ‘मॉर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे रूप करून टाकले. हिंदी महासागरातील फ्रेंच वसाहतींत हा शब्द रूढ होता. म्हणजे मॉरिशसच्या फ्रेंचभाषक मळेवाल्यांना ज्या रोगाची धास्ती होती त्याचे त्यांच्या भाषेतील एक नाव मूळचे आपल्याच किनाऱ्यावरचे होते.

आजारी प्रवाशाला बेटाने नाकारण्याचा प्रसंग केवळ मजुरांवर येई असे नाही. चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून २७ डिसेंबर १८३१ रोजी निघाला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला समुद्र असा काही लागला की तो बहुतेक काळ पडूनच होता. ६ जानेवारी १८३२ रोजी टेनेरीफ बेट समोर आले. ते पाहण्याचे त्याचे जुने स्वप्न होते. परंतु इंग्लंडमध्ये पटकी असल्याने बेटावरील अधिकाऱ्यांनी बारा दिवसांच्या विलगीकरणाची अट घातली आणि कप्तानाने न थांबता जहाज पुढे हाकले. पुढे १८३६ च्या एप्रिल-मेमध्ये डार्विन मॉरिशसला उतरला आणि तेथे काम करणारे भारतीय कैदी त्याने पाहिले. त्याला बारा दिवसांची अट नाकारून पुढे जाता आले. मजुरांच्या जहाजाला पुढे जाण्यासारखी जागाच नव्हती.

गॅब्रिएल बेट, १८५६

मॉरिशसच्या उत्तर टोकापासून सुमारे अकरा किलोमीटरवर फ्लॅट आयलंड, म्हणजे सपाट बेट, आहे. त्याचे क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास. त्याला जवळजवळ चिकटून, मध्ये उथळ पाण्याची पट्टी टाकून, गॅब्रिएल हे चिमुकले बेट आहे. ते अर्धा चौरस किलोमीटरही भरत नाही. तेथे वाहते पाणी नाही आणि सावलीही जेमतेम. मॉरिशसच्या मुख्य भूमीपासून या बेटांपर्यंतचा समुद्र जोरदार प्रवाहांमुळे आजही नावाड्यांना त्रासदायक वाटतो.

१८५४ मध्ये मॉरिशसमध्ये पटकीची भयंकर साथ येऊन हजारो माणसे मेली होती. कलकत्त्याहून मजूर घेऊन आलेल्या एका जहाजाकडे लोकांनी बोट दाखविले. पोर्ट लुईच्या नागरिकांत आणि मळेवाल्यांत भीती तर होतीच, पण तिच्यात एक विसंगतीही होती. ज्या मजुरांशिवाय उसाचे मळे चालणार नव्हते त्यांनाच बंदरात घेण्यास शहर धजत नव्हते. जानेवारी १८५६ मध्ये ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ ही जहाजे कलकत्त्याहून आली. जहाजांवर पटकी असल्याने त्यांना बंदरात प्रवेश मिळाला नाही आणि प्रवाशांना गॅब्रिएल बेटावर उतरविण्यात आले. पावसाळ्याचे, वादळांचे दिवस, निवारा अपुरा आणि येणारी बोट समुद्राच्या लहरीवर अवलंबून. दीर्घ प्रवासाने आधीच खंगलेल्या जवळजवळ ७०० माणसांपैकी पावणेतीनशेच्या वर माणसे त्या मुक्कामात दगावली. साऱ्या प्रवासात समुद्राने घेतले नसतील इतके जीव जमिनीवर पाय ठेवल्यानंतर गेले, ही बाब विसरण्यासारखी नाही. आणि इतके करूनही त्याच वर्षी पोर्ट लुईमध्ये पटकी पसरलीच.

या घटनेचे पडसाद कलकत्त्यात उमटले. हिंदुस्थान सरकारने मॉरिशसकडे मजूर पाठविणे काही काळ थांबविले. विलगीकरणाची नीट व्यवस्था करण्याचे आश्वासन मिळाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. १८५७ पासून फ्लॅट आयलंडवर कायम स्वरूपाचे विलगीकरण केंद्र उभे राहिले. तेथे दीपगृह १८५५ मध्येच झाले होते. आता त्याच्या जोडीला इस्पितळ, निवाऱ्याच्या जागा आणि दफनभूमी आली.

गॅब्रिएलवर मेलेली माणसे कलकत्त्याहून आलेली होती, मराठी नव्हती, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. मराठी मजुरांच्या इतिहासात या घटनेला स्थान द्यावे ते तिच्यातून निघालेल्या व्यवस्थेमुळे. पुढच्या काळात कोणत्याही बंदरातून, म्हणून मुंबईहूनही, येणाऱ्या जहाजावर संशयित आजार दिसला तर त्याच्या वाटेत हे बेट उभे होते. रत्नागिरीच्या माणसाच्या दृष्टीने हा मुक्काम काय असेल, याची कल्पना केवळ तर्काने करावी लागते. शेवटच्या वादळी टप्प्यात तो ओकत असेल, तर त्याच्या ओकारीचा अर्थ त्याने लावावयाचा नव्हता. तो लावणारा वैद्य जहाजमालकाकडून पगार घेई आणि बंदरातील अधिकाऱ्याला उत्तरदायी असे. पटकी नाही असे म्हणून ती निघाली तर शहर त्याच्यावर उठे, आणि नसताना आहे म्हटले तर जहाजाचे दिवस वाया जात. या ताणात रोग्याचे स्वतःचे म्हणणे कोठे बसत होते, असा प्रश्न पडतो.

टिंकर आणि कार्टर यांच्या वादाकडे येथे पुन्हा वळावे लागते. गावातून निघताना मजुराला काही निवड होती, असे कार्टर यांच्या बाजूने म्हणता येईल. मळ्यावर करार मोडणे, दुसरा मालक शोधणे, पुढे जमिनीचा तुकडा घेणे, या गोष्टीही त्याने केल्या. परंतु बेटावरील दिवसांत निवडीला वावच नव्हता, आणि दुसरीकडे तेथे कोणी मालकही नव्हता. त्या दिवसांत त्याच्या श्रमाची गरज कोणालाच नव्हती. त्यामुळे गुलामगिरीशी केलेली तुलना येथे तोकडी पडते. गुलामाचे आयुष्य मालकाच्या हिशेबी निदान भांडवल असे. बेटावर थांबविलेल्या माणसाला तेवढेही मोल नव्हते, असा निष्कर्ष काढणे कठोर वाटेल, पण १८५६ च्या आकड्यांवरून दुसरे काही म्हणता येत नाही.

१८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकीचे उगमस्थान हिंदुस्थान असल्याचे आणि ती माणसांबरोबर प्रवास करीत असल्याचे मान्य केले. मॉरिशसच्या विलगीकरणाला त्यामुळे बळ मिळाले असेल. मात्र नेमक्या त्याच सुमारास या बेटावर हिवतापाने प्रवेश केला आणि १८६६ ते १८६८ या काळात लोकसंख्येचा जवळजवळ दहावा भाग त्यात गेला. ओकणाऱ्या माणसावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला डासाचा पत्ता नव्हता. तो लावणारे रोनाल्ड रॉस स्वतः १९०७-०८ मध्ये हिवतापाच्या पाहणीसाठी मॉरिशसला आले.

पुणे आणि हा प्रश्न

मॉरिशसच्या बेटावरील विलगीकरण पुण्याच्या वाचकाला फार परके वाटू नये. १८९७ च्या प्लेगात डब्ल्यू. सी. रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शहरात घरझडत्या घेतल्या, रोग्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना छावण्यांत हलविले, आणि त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ च्या हत्येत झाली. हाच प्लेग १८९९ मध्ये मॉरिशसलाही पोहोचला. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये होते. पुण्यात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी पत्रांतून कळलेली माहिती त्यांनी तेथे जाहीर केली, पुराव्याअभावी परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली, आणि ती जखम त्यांच्या सार्वजनिक जीवनात दीर्घकाळ राहिली.

याच गोखल्यांनी मार्च १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. मॉरिशसकडील मजूरभरती त्याआधीच, १९१० मध्ये, थांबली होती. १८९७ चा अनुभव आणि १९१२ ची भूमिका यांचा थेट कार्यकारणसंबंध सिद्ध करता येणार नाही. तरीही शासनसंस्था सामान्य माणसाच्या शरीराला हात घालते तेव्हा त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय तिच्याकडे असते काय, हा प्रश्न दोन्ही प्रसंगी गोखल्यांसमोर होता. पुण्यातील प्लेगकाळात निदान वृत्तपत्रे होती, सभा होत्या, अर्ज करणारी सुशिक्षित माणसे होती. गॅब्रिएल बेटावर यांपैकी काहीच नव्हते. २०२० च्या साथीत ‘विलगीकरण’ हा शब्द मराठीत घरोघरी पोहोचला, पण त्याची सागरी वंशावळ मात्र फारशी चर्चेत आली नाही.

अवशेष

पोर्ट लुईच्या धक्क्यावरील जुना स्थलांतरित डेपो पूर्वी ‘कुली घाट’ म्हणून ओळखला जाई. १९८७ मध्ये त्याचे नाव ‘आप्रवासी घाट’ असे झाले आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. तेथील दगडी पायऱ्या चढून मजूर आत जात, आणि आज त्याच पायऱ्या स्मारकाचे केंद्र आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आहेत. अनेक मराठी कुटुंबांनी त्यांतून आपल्या पूर्वजाचे गाव आणि जहाज शोधून काढले आहे. त्या पूर्वजाचे नुसते नाव पुढे घराण्याचे आडनाव झालेले असते. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते.

फ्लॅट आयलंडला असे भाग्य लाभले नाही. जे. एम. जी. ले क्लेझिओ या नोबेलविजेत्या फ्रेंच लेखकाने, ज्याचे घराणे मॉरिशसचे, १९९५ मध्ये या बेटावरील विलगीकरणावर कादंबरी लिहिली. त्यामुळे फ्रेंच वाचकाला त्याचे नाव ठाऊक आहे. बेटावर विलगीकरण केंद्राच्या भिंतींचे आणि दफनभूमीचे अवशेष आहेत, आणि दीपगृह उभे आहे. शेजारच्या गॅब्रिएल बेटावर आता उत्तर किनाऱ्यावरून पर्यटकांच्या शिडाच्या होड्या येतात. मॉरिशसला सहलीसाठी जाणाऱ्या पुणेकरांपैकीही अनेक जण तेथे दुपारचे जेवण घेतात, पोहतात आणि संध्याकाळी परततात. वाटेतला समुद्र उसळता असल्याने निघण्यापूर्वी अनेकांना बोट लागू नये म्हणून गोळी घ्यावी लागते.